दोष लशीचा की आपला?

कुत्र्याचे पिल्लू रक्ताची हगवण लागून पार्व्होने दगावले की एक वाक्य हमखास कानी पडते, "लस दिली होती हो, पण विषाणूच बदलला!" कोरोनानंतर तर 'व्हेरिएंट' हा शब्द नागपुरात पानठेल्यावरही रुळला आहे. विषाणू बदलतो हे खरे. पण त्याच्या बदलण्याआड आपण काय काय लपवतो?

हा रोग तसा तरुण. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी नाते सांगणारा हा विषाणू १९७८ साली एकाएकी जगभर पसरला. दोन-तीन वर्षांत त्याचे '२ए' रूप आले, १९८४ मध्ये '२बी', आणि २००० साली इटलीत '२सी' सापडले. भारतात बराच काळ '२ए'चे राज्य होते; पुढे '२सी'ही आढळू लागला. '२बी' आणि '२सी' यांना वेगळे ओळखायचे ते विषाणूच्या कवचातील प्रथिनाच्या ४२६ व्या जागेवरील एका अमिनो आम्लावरून! एवढ्याने लस साफ निकामी होते काय? जुन्या रूपांपासून केलेल्या लशी '२सी'पासूनही पिल्लाला वाचवतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

मग लस टोचलेली पिल्ले मरतात कशाने? बहुतेक वेळा उत्तर आईच्या चिकात असते. ज्यांच्या घरी गाय व्यायली आहे त्यांना चीक म्हणजे काय हे सांगायला नको. कुत्रीच्या चिकातून पिल्लाला प्रतिकारद्रव्ये मिळतात. ती रोगाला अडवतात, तशी लशीलाही अडवतात. पुढे ती ओसरू लागतात आणि मध्ये असे काही दिवस येतात, की रोग थोपवण्याइतकी ती उरलेली नसतात, पण लस मात्र लागू पडू देत नाहीत. हे दिवस प्रत्येक पिल्लाचे निराळे. म्हणूनच सहाव्या-आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी एक मात्रा, आणि शेवटची सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर, असा क्रम पशुवैद्यकांनी ठरवला आहे.

हा क्रम पाळतो कोण? रोजीवर जाणाऱ्या माणसाला तिसऱ्या फेरीसाठी अर्धा दिवस मोडणे म्हणजे काय, हे मला घरचेच ठाऊक आहे. त्याला मी बोल लावत नाही. परंतु हजारो रुपये मोजून लॅब्राडॉर आणणाऱ्याचे काय? २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. म्हणजे विक्रेत्याने कार्डावर शिक्के मारून दिले तरी निम्मी वाट उरलेलीच असते. पण शिक्का दिसला की आपण निर्धास्त! शिवाय लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आपल्या मे महिन्यात ती पिशवीत घालून गावभर फिरवली तर तिने काय करावे? आणि मेलेल्या पिल्लाच्याच पोत्यावर नवे पिल्लू निजवायचे! हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने तग धरतो. साध्या फिनाइलला तो दाद देत नाही, ब्लीचिंग पावडर लागते.

सेमिनरी हिल्सवर आपले पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून आहे. सोळाव्या आठवड्यापर्यंत सर्व मात्रा घेऊनही जे पिल्लू आजारी पडेल, त्याची विष्ठा तेथे न्यावी आणि विषाणूची जनुकीय तपासणी व्हावी. लशीला खरोखर चकवणारा विषाणू कधी आलाच, तर तो अशाच पिल्लांत सापडेल. एकच इंजेक्शन घेतलेल्या पिल्लाचा दाखला येथे चालणार नाही.