जांभळा चहा: रंग खरा, पण औषध नव्हे



सध्या आपल्या ग्रुपवर जांभळ्या चहाच्या जाहिराती सारख्या फिरतायत. वजन उतरतं, साखर उतरते, कॅन्सरही टळतो म्हणे! पाकीट मात्र रोजच्या चहापेक्षा कितीतरी महाग. माझं मत आधीच सांगते: चवीसाठी खुशाल घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

रंग वरून लावलाय का, असं बऱ्याच जणी विचारतात. तसं नाही. हे झुडूप आपल्या चहाचंच, फक्त कोवळं पान जांभळं. केनियातल्या चहा संशोधन संस्थेने बरीच वर्षं खपून 'टीआरएफके 306' हे वाण तयार केलं आणि 2011 मध्ये ते शेतकऱ्यांना दिलं. आसाममध्येही अशी झुडपं आहेत. पानात हिरवं द्रव्य असतंच, पण अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याने ते झाकलं जातं. कडक उन्हापासून कोवळ्या पानाला ते जपतं. आंब्याची तांबूस पालवी आठवा, तिथेही हेच द्रव्य.

हे द्रव्य पाण्यात उतरतं, पण नाजूक आहे. काळ्या चहासारखं पान चुरडून हवेवर काळवंडू दिलं की बरंचसं जातं, म्हणून हा चहा बहुधा ग्रीन टीच्या पद्धतीने करतात. कपात लिंबू पिळलं की गुलाबी छटा येते, मुलांना दाखवायला छान! आणि आपण? सुंठ-वेलची घालून दुधात खळखळ उकळणार. मग जादा पैसे कशाचे मोजले?

याच द्रव्यामुळे जांभूळ, काळी द्राक्षं आणि कोकम यांनाही रंग येतो. (बीट आपल्याकडे येत नाही, पण त्याचा रंग तसाही वेगळ्या द्रव्याचा.) जांभळ्या चहावर प्रयोग झालेत, पण बरेचसे उंदरांवर आणि काचेच्या नळीत. त्यावरून माणसाचा आजार बरा होतो असं म्हणणं म्हणजे धंदा.

मला खरी काळजी वाटते ती लोहाची. चहा काळा असो, हिरवा असो की जांभळा, त्यातली तुरट द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. डाळी-कडधान्यांतल्या लोहाला हा फटका जास्त बसतो, आणि आपली सगळी भिस्त त्यांच्यावरच. एरवी जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवता येतं. एकासणाला ते कसं ठेवणार? एकदाच बसायचं, त्यातच जेवण आणि त्यातच चहा. वर्षीतपाच्या बियासणालाही तीच गत. हिमोग्लोबिन कमी असलेल्या सुना-लेकींनी त्या दिवशी चहा सोडावा आणि ताटात लिंबू किंवा आवळा घ्यावा, असं मला ठाम वाटतं. बियासणाला दोन बैठका मिळतात, तेव्हा चहा हलक्या बैठकीला ठेवा. आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती चहाबरोबर मुळीच नको, साध्या पाण्याबरोबर घ्या.