बर्फ पाहणे आणि बर्फावर शिकणे

मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी राबतो. रसवंतीवर उसाच्या रसात पडणारा खडा म्हणजे बर्फ, आणि हिमालयाच्या उतारावर भुरभुरत उतरते तेही बर्फच. दव, दहिवर, धुके, गारा यांच्यासाठी वेगवेगळे शब्द घडवणाऱ्या भाषेला ताज्या, जुन्या, भुसभुशीत किंवा घट्ट हिमासाठी नावे घडवण्याची गरज पडली नाही. यात उणेपणा काही नाही. मात्र शब्दांची ही तोकडी पुंजी आपल्या निवडीवरही परिणाम करते, एवढेच येथे मांडायचे आहे.

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावीही ‘यंदा बर्फात कुठे जायचे?’ हा प्रश्न आता नवलाचा राहिलेला नाही. परतूरचे रेल्वेस्थानक जवळ आहे. जालन्याहून वा परभणीहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्ली-अमृतसरकडे नेते. पण या प्रश्नाचे उत्तर बहुधा सहल कंपनीच्या पत्रकातून येते: शिमला, कुफ्री, मनाली, आणि त्यात कुठेतरी अर्ध्या दिवसाचा ‘स्नो पॉइंट’. भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट, दहा मिनिटे पायांना अडकवलेल्या पट्ट्या, आणि छायाचित्र. हिला स्थळाची निवड म्हणणे कठीण आहे, कारण येथे क्रियापद एकच आहे: पाहणे. स्कीइंग ही पाहण्याची नव्हे, शिकण्याची गोष्ट आहे. क्रियापद बदलले की स्थळाचे निकषही बदलतात.

शिकायचे म्हटले की भारतात तीन नावे प्रामुख्याने समोर येतात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तेथे स्की क्लब स्थापन केला. तेथील गोंडोला अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरांवर नेतो. पण नवशिक्याचे काम खालच्या सौम्य उतारांवरच असते, आणि केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्थाही तेथेच आहे. उत्तराखंडातील औलीला गढवाल मंडल विकास निगम सात व चौदा दिवसांचे वर्ग घेत आले आहे. मनालीची पर्वतारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर शिकवते. माझे मत स्पष्ट आहे: पाच दिवसांत चार गावे पालथी घालण्यापेक्षा एका उतारावर चौदा दिवस पडत-उठत काढावेत. हिमाचे प्रकार तेव्हा शब्दकोशातून नव्हे, गुडघ्यांतून कळू लागतात.

यापुढचा प्रश्न हंगामाचा, आणि येथे मराठवाड्याचा वाचक शहरी पर्यटकापेक्षा अधिक जाणता ठरावा. आपण मृग, आर्द्रा, हस्त अशी पावसाची नावे घेतो; काश्मिरी माणूस तशीच थंडीची नावे घेतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’, शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेले हिम टिकते आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी पुरवते. म्हणजे हिम हे तिथले पीक आहे, आणि ते बुडतेही. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. २०२५मध्ये तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा हिमाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. मृग कोरडा गेल्यावर शिवारात जी शांतता पसरते, ती ज्याने ऐकली आहे त्याने हॉटेलच्या दारात उभे राहून ‘पैसे वाया गेले’ असे म्हणू नये.

अडचण आपल्या पंचांगाचीही आहे. भरवशाचे हिम जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत. आपली मोठी सुटी दिवाळीत आणि उन्हाळ्यात. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही अडकलेले. म्हणून सारे नाताळात निघतात. हिम नसले की ते जेथे असेल तेथे गाड्या धावतात. २०२० साली खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यातून लाहौलच्या सिस्सूपर्यंत पर्यटकांच्या रांगा लागतात, त्या यामुळेच. ‘हिवाळी सुटी’ हा शब्द आपण घेतला, ती सुटी मात्र आपल्याकडे आलीच नाही.

आणि या धावपळीचा भार कोणावर पडतो? जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची घरे तडकली, शेकडो कुटुंबांना घर सोडावे लागले, औलीचा रज्जुमार्ग बंद करावा लागला. खचत्या उतारावर वाढलेली बांधकामे आणि पाण्याच्या निचऱ्याचा अभाव यांची चर्चा तेव्हा झाली. पर्यटनाची मागणी त्या बांधकामांपासून वेगळी काढता येत नाही. एप्रिल २०२५मध्ये पहलगामजवळच्या हल्ल्यात महाराष्ट्रातील सहा पर्यटक मारले गेले. त्यानंतर काश्मीरचे नाव काढताच घरात उमटणारी भीतीही खरी आहे, तिची टिंगल करू नये. पण डोंगर म्हणजे केवळ देखावा, ही आपली धारणा या दोन्ही घटनांनंतरही तशीच राहिली, तर आपण त्यांतून काहीच वाचले नाही असे म्हणावे लागेल.

काका कालेलकरांनी हिमालय पायी पाहिला आणि १९२४ साली गुजरातीत त्याचा प्रवास लिहिला. आज तसे पायी जाणे सर्वांना शक्य नाही. तरी त्या चालण्यातली संथ गती निकष म्हणून आजही घेता येते. जेथे आपण काही शिकू, जेथील माणसांना त्यांच्या ऋतूचे नाव विचारू, आणि हिम पडले नाही तर ज्यांच्यासोबत चार दिवस वाट पाहू, ते स्थळ निवडावे. वाट पाहणे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको.