माळवद आणि पत्रा

गावात कोणी नवे घर बांधले, म्हणजे पाहणारे पहिला प्रश्न विचारतात, 'घर पक्के की कच्चे?' विटा, सिमेंट आणि लोखंड यांचे घर पक्के. माती आणि लाकूड यांचे घर कच्चे. ही विभागणी पावसाच्या व चोराच्या दृष्टीने ठीक आहे. परंतु जालना जिल्ह्यात चैत्रापासून मृगापर्यंत ऊन माणसाची कसोटी पाहते, आणि मे महिन्यात पारा 40 अंश सेल्सिअसच्या वर चढतो. अशा मुलखात घराला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. हे घर उन्हाशी कसे वागते? हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि त्याची शिक्षा घरातील म्हातारीकोतारी माणसे व लहान मुले भोगतात.

मराठवाड्यातील जुन्या गावांत अजूनही काही माळवदाची घरे उभी आहेत. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडामातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडी चिपांची दाट मांडणी, आणि या सर्वांवर गावठाणातील पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट जाड थर, असे हे छप्पर असते. दुपारी बाहेर पाय भाजत असतानाही अशा घरात शिरताच जिवाला थंडावा वाटतो. यात जादू काही नाही. उन्हाने माळवदाचा वरचा थर तापतो. त्याची उष्णता खालच्या थरात, तेथून त्याच्याही खालच्या थरात जाते. उष्णतेच्या या प्रवासाला वहन म्हणतात. मातीतून हा प्रवास फार सावकाश होतो. एक फूट जाडीचा मातीचा थर ओलांडावयास उष्णतेला आठ-दहा तास लागतात, आणि वाटेत तिचा जोरही ओसरतो. दुपारी बाराला वरून निघालेली ही पाहुणी खाली पोचते, तेव्हा रात्र झालेली असते आणि घरातील माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर झोपावयास गेलेली असतात! तोपर्यंत वरची माती मोकळ्या आकाशाकडे आपली उष्णता सोडून निवू लागलेली असते. ज्या पूर्वजांनी ही घरे बांधली, त्यांच्याजवळ तापमापक नव्हता. परंतु उष्णतेचे वेळापत्रक त्यांना अचूक ठाऊक होते.

आता पत्र्याकडे वळू. लोखंड उष्णतेचे सुवाहक आहे, हे शाळेतील प्रत्येक मूल सांगते, आणि म्हणून पत्र्याचे घर तापते, असेही सांगते. हे उत्तर अपुरे आहे. पत्रा तापतो, तो लोखंडाचा आहे म्हणून जितका, त्याहून अधिक तो पातळ आहे म्हणून. त्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. उष्णतेला वाटेत रेंगाळावयास तेथे जागाच नाही. वरच्या बाजूस ऊन पडले, की क्षणात खालची बाजू तितकीच तापते. भर दुपारी पत्र्याचे तापमान 60 अंशांच्याही वर जाते. मग तो तापलेला पत्रा चुलीतील निखाऱ्याप्रमाणे आपली उष्णता खाली फेकू लागतो. उष्णतेच्या या रीतीला प्रारण म्हणतात. तिला वाहून न्यावयास ना माती लागते, ना हवा. म्हणूनच पत्र्याच्या खोलीत पंखा फिरत असला, तरी डोके तापतेच. पंखा हवा हलवितो, घाम वाळवितो; परंतु छतातून डोक्यावर पडणारी ही अदृश्य आच त्याला अडविता येत नाही.

सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी ते उतरताना पत्रे 'टण्‌ टण्‌' वाजतात. लहान मुलांना वाटते, छपरावर कोणी खडे टाकीत आहे. वस्तुतः तो पत्र्याच्या ताणाचा आवाज होय. दहा फूट लांबीचा पत्रा 40 अंशांनी तापला, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरने लांबतो, आणि निवताना पुन्हा आखडतो. शहाणा कारागीर पत्र्याला पाडलेले भोक खिळ्यापेक्षा किंचित मोठे ठेवतो, ते एवढ्यासाठीच.

हे वाचून कोणी म्हणेल, 'तर मग पत्रे काढा आणि पुन्हा माळवदे बांधा.' हा सल्ला भाबडेपणाचा ठरेल. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, गावे झोपेत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडामातीच्या रुंद भिंती ढासळल्या आणि वर्षानुवर्षे भर घालून जड झालेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे त्यांखाली गेली. जी माती आयुष्यभर उन्हापासून राखीत होती, तिनेच घात केला. त्या रात्रीनंतर मराठवाड्यातील कित्येक लोकांनी हलक्या पत्र्याची निवड केली असेल, तर त्यांना अडाणी कोण म्हणेल? पत्रा डोके तापवितो, पण डोके फोडीत नाही. जुने ते सोने म्हणणाऱ्यांनी किल्लारीची आठवण ठेवावी, आणि नवे तेच खरे म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातील एक दुपार पत्र्याखाली काढावी.

ज्यांना परवडते, ते सिमेंटचे छत घालतात. या छताशी जालना शहराचे नाते विशेष आहे. येथील पोलादाच्या कारखान्यांत मोडके लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून त्याच्या सळया ओढल्या जातात. हजार अंशांच्या आसपास तापलेली लालभडक सळई यंत्रातून बाहेर येते, तेव्हा तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात. बाहेरचे कवच एकदम निवून कठीण होते; गाभा मात्र तप्तच राहतो. मग गाभ्याची उष्णता हळूहळू बाहेर येते आणि त्या कवचाचा ठिसूळपणा घालविते. अशी सळई वरून कठीण आणि आतून चिवट होते. धक्का बसल्यास ती वाकते, पण सहसा तुटत नाही. भूकंपात घर उभे राहते, ते असल्या सळयांच्या आधारावर. शिवाय तापल्यावर पोलाद आणि काँक्रीट ही दोन्ही जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात. तसे नसते, तर पहिल्याच उन्हाळ्यात सळई आणि काँक्रीट यांची फारकत झाली असती.

परंतु हे छत उन्हाच्या कसोटीस पुरते उतरत नाही. त्याची जाडी चार-पाच इंच. दुपारची उष्णता त्यातून तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे नेमकी दिवेलागणीला, घरातील सर्व माणसे घरी परतल्यावर. काँक्रीटने दिवसभर साठविलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत पाझरत राहते. दिवसाच्या तापाने शिणलेल्या शरीराला रात्रीची विश्रांती मिळाली नाही, तर उष्माघाताचा धोका वाढतो. तेव्हा 'पक्के' म्हणविणारे हे घरही या बाबतीत कच्चेच म्हटले पाहिजे.

जालना हे बियाण्यांचेही गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे फार तापले तर त्याची उगवणशक्ती जाते, हे येथील लहानथोर सर्वजण जाणतात. म्हणून ते कोरड्या, थंड जागी जपून ठेवतात. दाण्याविषयी दाखविलेली ही काळजी वाडीवस्तीवरील पत्र्याच्या अंगणवाडीत बसणाऱ्या बाळांच्या वाट्याला का येऊ नये? उन्हाळ्यात शाळा सकाळच्या भरवितात, हे योग्यच आहे. परंतु शाळा सुटल्यावर मूल जाते, ते बहुधा दुसऱ्या पत्र्याखाली.

उपाय महाग नाहीत. पहिला म्हणजे पांढरा रंग. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत पाठवितो. मळकट काँक्रीट आणि गंजका पत्रा बहुतेक ऊन पिऊन टाकतात. नवा चकचकीत पत्रा ऊन बरेच परतवितो खरा, पण शोषलेली उष्णता तो सहजासहजी सोडीत नाही, आणि धुळीने व गंजाने त्याची ती चमकही लवकरच जाते. काँक्रीटच्या छतावर चुना लावता येतो. पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याला रंगच हवा. अहमदाबाद शहरात मे 2010 मधील उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावली, तेव्हा तेथील महानगरपालिकेने 2013 साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील घरांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. अहमदाबादला जे सुचले, ते जालन्याला सुचण्यास हरकत नसावी.

दुसरा उपाय पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे अस्तर लावण्याचा. अस्तर आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभर पोकळी ठेवावी, आणि दोन्ही टोकांना झरोके राखावेत. अस्तर पत्र्याचे प्रारण अडविते. पोकळीतील हवा तापून हलकी होते व वरच्या झरोक्यातून निघून जाते, आणि खालच्या झरोक्यातून दुसरी हवा येते. काही शेतकरी पत्र्यावर कडबा पसरतात. कडब्याच्या पोकळ्यांत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णतेला सहसा वाट देत नाही, म्हणून त्याचा गुण चांगला येतो. परंतु कडबा पेटतो, हे विसरता कामा नये. चुलीच्या घरावर तो नकोच. छपरावर पाणी शिंपडावे, असेही कोणी सुचविते. पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, माठातील पाणी गार होते ते याच नियमाने. पण 2012-13 च्या दुष्काळात ज्या जिल्ह्याने टँकरची वाट पाहत दिवस काढले, त्याने छपरावर पाणी ओतणे शोभत नाही.

या उपायांचा गुण येतो की नाही, हे पडताळून पाहणे शाळेतील मुलांना सहज शक्य आहे. दोन सारख्या खोल्या निवडाव्यात. एकीच्या छपराला मोठ्या माणसांकडून पांढरा रंग लावून घ्यावा, दुसरीचे तसेच ठेवावे. दोन्हींत छताखाली सारख्याच अंतरावर एकेक तापमापक टांगावा, आणि फाल्गुनापासून शाळेला सुट्टी लागेपर्यंत रोज एकाच वेळी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. सुट्टी लागल्यावर ती वही ग्रामपंचायतीच्या सभेत वाचून दाखवावी.