कंबरेच्या चिठ्ठीवर किलो लिहा

रहाटणी, काळेवाडीत भाड्याने राहून भोसरी-चाकणला कामाला जाणाऱ्या कामगाराच्या कंबरेत चमक भरली, की पहिले काही दिवस गोळी आणि कंबरपट्ट्यावर निघतात. मग एमआरआय होतो. अहवालात ‘एल-4, एल-5 ॲन्युलर टेअर’ असे शब्द येतात आणि ‘गादी फाटली’ म्हणून घर धास्तावते. बहुतेकांना या दुखण्यावर लागतो तो वेळ आणि काही आठवडे हलके काम. स्कॅन पैसे भरून मिळतो. हलके काम मागूनही मिळत नाही, हे माझे खरे दुखणे आहे.

दोन मणक्यांमधली गादी म्हणजे मधे ओलसर गर आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट तंतूंची पंधरा-पंचवीस कडी. वाकलेल्या अवस्थेत कंबर पिळून वजन उचलले, की ताण या कड्यांवर येतो. पण वयाने आणि आनुवंशिकतेनेही त्यांना चिरा पडतात, आणि त्या फार सर्रास असतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 जणांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार विशीतल्या सुमारे 19 टक्के आणि ऐंशीतल्या 29 टक्के लोकांच्या गादीत अशी चीर दिसते. मग चीर दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच, असे कसे म्हणायचे? म्हणजे कामगाराचे दुखणे खोटे का? मुळीच नाही. गादीच्या बाहेरच्या कड्यांत मज्जातंतू असतात, चीर तिथवर गेली तर कळा येतात. गर बाहेर येऊन नस दाबली गेली तर कळ पायात उतरते. पण बाहेर आलेला गर शरीर अनेकदा हळूहळू शोषून घेते. नेहमीच्या शस्त्रक्रियेत नस दाबणारा तुकडा काढतात, त्याने गादी पुन्हा नवी होत नाही. पाऊल लुळे पडले, लघवी अडली किंवा जांघांमधला भाग बधिर झाला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायलाच हवे; अशा वेळी थांबणे घातक आहे.

बाकीच्यांनी झोपून राहावे, हा सल्लाही टिकलेला नाही. हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास 1995 मध्ये आला. अचानक कंबर धरलेल्यांपैकी ज्यांनी झेपेल तशी रोजची कामे चालू ठेवली, ते अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. यातला ‘झेपेल तशी’ हा शब्द सगळ्यात मोलाचा, आणि ठेक्यावरच्या कामगाराच्या हाती नेमका तोच नसतो. खाडा झाला की हजेरी जाते, चार खाडे झाले की ठेकेदार दुसऱ्याला उभा करतो. म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी पट्टा आवळून मालाच्या त्याच जड बिनपाशी वाकतो.

कारखानदार म्हणतील, लाईन कुणासाठी थांबत नाही आणि एकाला सूट दिली की सगळेच कंबर धरतील. लबाडी करणारे असतीलही. पण इजा होईल इतके वजन कुणाला उचलायला लावू नये, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 34 मध्येच लिहिले होते. ही सूट नव्हे. शिवाय ईएसआय कार्ड असलेल्या आणि वर्गणीचे दिवस भरलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळते. ते ठेकेदाराच्या खिशातून जात नाही. तपासणी, मोजणी, पॅकिंगचे लेबल अशी बसून-उठून करायची कामे कारखान्यात असतात. ती आलटून पालटून द्यायला नवे यंत्र लागत नाही.

आणि डॉक्टरांना एक विनंती. चिठ्ठीवर नुसते ‘विश्रांती’ लिहू नका. किती किलोपर्यंत उचलायचे, सलग किती वेळ उभे राहायचे आणि हे किती आठवडे, एवढे आकड्यांत लिहा, म्हणजे सुपरवायझरसमोर कामगाराला काहीतरी दाखवता येईल.