आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात कोण बसावे?

चिकित्सेचे चार पाद आपण महाविद्यालयात प्रवेश घेतल्यापासून घोकत आलो आहोत. परंतु वैद्याने योजलेले द्रव्य प्रत्यक्ष रुग्णाच्या हाती ठेवणारी व्यक्ती या चौघांत कोठे बसते, याचा विचार आपण क्वचितच करतो. वैद्य स्वतःच कल्प सिद्ध करून पुड्या बांधीत असे, तोवर हा प्रश्न उद्भवत नव्हता. आज अनेक वैद्य चिठ्ठी लिहून देतात आणि औषध दुकानातून येते.

ॲलोपॅथीची औषधे देण्यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर दोन वर्षांची औषधनिर्माण पदविका, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये राज्य परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनासही पूर्णवेळ तज्ज्ञ व्यक्ती लागते आणि २००० साली आलेल्या अनुसूची 'टी'ने कारखान्यांना शिस्त लावली. मात्र केवळ विक्री करावयाची असेल तर ना परवाना लागतो, ना पात्रता. कारखान्याच्या दारापर्यंत कायदा औषधाची पाठराखण करतो. त्यापुढील प्रवास दुकानदाराच्या भरवशावर!

या भरवशाचे मोल काय, ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या एका मधुमेही रुग्णास संधिशूलासाठी महारास्नादि क्वाथाची भरड लिहून दिली होती. दुकानातून त्यास याच नावाची, गूळ-साखर घालून संधान केलेली बाटली मिळाली. "काढाच आहे, उकळण्याचा त्रास नाही," असे सांगण्यात आले. तीन आठवड्यांनी रक्तशर्करा वाढलेली आढळली, तेव्हा कारणाचा उलगडा झाला. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता. क्वाथ आणि संधानकल्प यांतील भेद त्यास कोणी शिकविलाच नव्हता.

त्रिभुवनकीर्तीचेच पाहा. तीत वत्सनाभ आहे आणि हिंगुळही. दोन्ही द्रव्ये अनुसूची 'ई-१' मधील विषद्रव्यांच्या यादीत आहेत आणि अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. तरीही सर्दी-पडशाची गोळी म्हणून ती सर्रास हातोहात दिली जाते. ग्राहक हृद्रोगी आहे काय, हे विचारण्याची गरज कोणास वाटते? जाणता औषधविक्रेता येथे औषध नाकारील, आणि नाकारणे हाही त्याच्या कामाचाच भाग आहे.

काष्ठौषधींच्या बाबतीत तर डोळे आणि नाक हीच खरी पदवी. अशोकाच्या सालीच्या नावाखाली बागेतील उंच, सरळ वाढणाऱ्या आसुपालवाची साल येते. नागकेशर मागितले असता सुरंगीच्या कळ्या मिळतात. रास्ना म्हणून उत्तरेत एक वनस्पती, तर दक्षिणेत कुलिंजन. ही पारख बाजारातील एखाद्या जुन्या काष्ठौषधी विक्रेत्यास जितकी असते तितकी आपल्या नव्या पदवीधरांस नसते, हे मान्य करावयास हवे. म्हणूनच उद्या पदविकेची सक्ती करून अशा माणसांना घरी बसवावे, या मताचा मी नाही. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधराने सांगून ठेवले आहे. असा विक्रेता ते न वाचताही थोडेच चूर्ण कुटून ठेवतो.

तेव्हा आपल्या संघटनेनेच जिल्हावार, रविवारी चालणारा तीन-चार महिन्यांचा वर्ग सुरू करावा. द्रव्यपरिचय, विषद्रव्यांची यादी, अनुपान, साठवण आणि वेष्टनावरील मजकुराचे वाचन इतकेच विषय पुरेत. द्रव्यपरिचय जुन्या विक्रेत्यांनी शिकवावा, विषद्रव्ये वैद्यांनी. परीक्षा मात्र प्रत्यक्ष द्रव्ये समोर ठेवूनच व्हावी.

वैद्यबंधूंकडूनही एक अपेक्षा आहे. लक्ष्मीविलास या एका नावाचे निरनिराळे पाठ ग्रंथांत आहेत. नुसते "लक्ष्मीविलास १-१" लिहून दुकानदारास दोष देणे न्याय्य नाही. चिठ्ठीवर कल्पाचे पूर्ण नाव, पाठ आणि अनुपान सुवाच्य अक्षरांत यावे. क्वाथाची भरड हवी की तयार काढा, तेही स्पष्ट लिहावे. यासाठी कोणत्याही वर्गाची वा कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.