राखीव खेळाडूचे मोल

जो खेळला नाही त्याचे मोल कसे ठरवावे? हा प्रश्न वरकरणी क्रीडाविषयक असला, तरी मुळात तो मूल्यमापनाचा आहे. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांस तो परका वाटू नये.

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेस डॅनियल या राखीव क्वार्टरबॅकने दीर्घ कारकिर्दीत अवघ्या पाच सामन्यांची सुरुवात केली आणि चार कोटी डॉलर्सच्या आसपास कमाई केली. आपल्याकडे ही गोष्ट थट्टेचा विषय होते. आम्हांस मात्र तीत थट्टेसारखे काही दिसत नाही. संघाने तेथे विकत घेतली ती सज्जता.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. पद्माकर शिवलकर १९६१-६२ ते १९८७-८८ या काळात प्रथम श्रेणीचे १२४ सामने खेळले; १९.६९ च्या सरासरीने त्यांनी ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी बाद केले. तरीही कसोटीचा दरवाजा त्यांच्यासाठी कधीच उघडला नाही, कारण १९६६ ते १९७९ या काळात तेथे बिशनसिंग बेदी उभे होते.

बेदींची निवड चुकीची होती, असे आम्ही म्हणणार नाही. कसोटीतील २६६ बळी त्यांच्या बाजूने साक्ष देतात. पण निवड योग्य होती एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. बेदी जायबंदी झाले तर काय, या चिंतेतून भारतीय क्रिकेट मुक्त राहिले, ते शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल यांच्यामुळे. या निश्चिंतीची किंमत कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती. २०१७ साली दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. तो गौरव होता, मोबदला नव्हे.

आता नियामक मंडळाने राखीव खेळाडूचा भाव लिहून ठेवला आहे. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कसोटी प्रोत्साहन योजनेनुसार, मोसमातील पाऊणपेक्षा अधिक कसोटींत अंतिम अकरांत असणाऱ्यास प्रतिसामना ४५ लाख, तर संघात असूनही न खेळणाऱ्यास साडेबावीस लाख रुपये. हे 'निम्मे' कोणत्या न्यायाने ठरले, यावर वाद होऊ शकेल; परंतु वाट पाहणे हेही काम आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. आम्हांस ते महत्त्वाचे वाटते.

अर्थात सज्जता म्हणजे नुसती ज्येष्ठता नव्हे. राखीव खेळाडूची विश्वासार्हता तो मधल्या काळात काय करतो यावरच जोखावी लागेल. शिवलकर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा रणजीत उतरले, ते मधल्या काळातही गोलंदाजी मुरवत राहिल्यामुळेच.

हे वाचताना आमच्या व्यवसायबंधूंना आपल्याच विभागातील कोणी आठवले, तर नवल नाही. नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेले कितीएक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. पूर्णवेळ जागा रिक्त राहते, वर्ग मात्र रिकामा राहत नाही. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. सुट्टीचे, तयारीचे, पुढच्या सत्राची वाट पाहण्याचे मिळत नाहीत. त्यांना राखीव म्हणणेही खरे नाही, कारण ते रोज मैदानात असतात. क्रिकेटने न खेळणाऱ्याला निम्मे दिले. आपण खेळणाऱ्याला काय देतो, हे एकदा आकडे मांडून पाहावे.