मणक्यातला गॅप आणि डोक्यावरची मोळी

पाठदुखीबद्दल दोन मते सर्रास ऐकू येतात. पाठ दुखते ती खुर्चीत बसणाऱ्यांची, सातपुड्यात चढउतार करणाऱ्या कष्टकऱ्याला हा आजार शिवत नाही, हे पहिले. दुखलीच तर मणक्यात ‘गॅप’ पडलेला असतो, मग पट्टा बांधावा, इंजेक्शन घ्यावे आणि पडून राहावे, हे दुसरे. दोन्ही मते चुकीची आहेत आणि नंदुरबार जिल्ह्यात दोन्हींची किंमत मजूरच मोजतो.

पहिले मत टिकणारेच नाही. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि माणसाला अधू करून जगायला लावणाऱ्या व्याधींत तिचा क्रमांक पहिला आहे. इतकी माणसे काही कचेरीत बसत नाहीत. सिडनीत ९९९ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. अवघडून केलेल्या कामाने कंबर धरण्याची शक्यता सुमारे आठपट वाढते आणि थकव्याने जवळपास चौपट, असे त्यात आढळले. आता अक्कलकुवा-धडगावकडून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचे काम पाहा. वाकून बुडख्याशी कोयता चालवायचा, पाचट सोलायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून गाडीवर चढायचे. गाडी रात्री आली तर रात्री. अवघडणे, ओझे, थकवा, सगळे एकाच अंगावर. आणि मोळीचा पहिला भार मानेवर. ही जोडपी दुखण्याची तक्रार करत नाहीत, कारण खाडा झाला तर घेतलेली उचल फिटत नाही. तक्रार नाही म्हणून दुखणे नाही, असे मानणे हा अन्याय आहे.

दुसरे मत अधिक घातक आहे, कारण त्याच्या हातात फिल्म असते. ‘गॅप’ डोळ्यांना दिसतो, मग तोच दुखतो असे वाटते. पण काहीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली पाहिले गेले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या मणक्यांतील चकत्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे झीज हे बहुधा वयाचे लक्षण आहे, केसांच्या पिकण्यासारखे. बहुतेक कंबरदुखीत एका हाडाकडे किंवा चकतीकडे बोट दाखवता येतच नाही. ‘तुझा मणका गेला’ हे वाक्य मात्र माणसाला कायमचे घाबरवून ठेवते. पट्ट्याचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीला पट्टे आणि वजन लावून ताण देणे, दोन्ही नाकारले; समजावून सांगणे आणि व्यायाम यांना पसंती दिली. पडून राहण्याचा निकाल तर १९९५ सालीच लागला होता. हेलसिंकीत १८६ जणांवर प्रयोग झाला. दोन दिवस अंथरुणाला खिळवलेले सर्वांत सावकाश बरे झाले; सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हेलसिंकीतले ते नगरपालिकेचे कर्मचारी. त्यांचे ‘रोजचे व्यवहार’ म्हणजे मोळी नव्हे. उसण भरलेल्या मजुराला ‘हालचाल चालू ठेव’ म्हणून मुकादमाने पुन्हा फळीवर चढवावे, असा या संशोधनाचा अर्थ कोणी काढू नये. चालणे, घरचे हलके काम, हळूहळू वाढवलेला व्यायाम, हीच ती हालचाल. दुसराही युक्तिवाद होतो: फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासात चकत्यांच्या झिजेत ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला, मग ओझे कमी कशाला करायचे? पण झीज आणि दुखणे एक नाही, हे वर दिसलेच. कंबर धरण्याची वेळ ओझे आणि अवघडणे ठरवतात, आणि ती आपल्याला बदलता येते.

म्हणून मी ओझ्यापासून सुरुवात करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली आणि बाईसाठी त्याहून बरीच कमी. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालाला आधार दिला. पण नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच राज्याची सीमा जाते. तिच्यापलीकडे उसाच्या फडात हा कायदा कसा पोचणार? मोळीचे वजन आणि रात्रीची भरणी हा दोन्ही राज्यांच्या सरकारांनी आणि साखर कारखान्यांनी मिळून सोडवायचा प्रश्न आहे.

पाठदुखीचा गोळी देऊन थांबू नये असाही एक भाग आहे. या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो, आणि त्याच्या झटक्यात पाठ, कंबर, हाडे असह्य दुखतात. असा झटका आलेल्या पोराला ओझ्याने दुखते म्हणून परत पाठवणे धोक्याचे. ताप, घटते वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासलाच पाहिजे. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. फिल्म आणि खर्च यांची खरी गरज या मोजक्या रुग्णांना असते.

ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात. त्याआधी प्रत्येक आरोग्य उपकेंद्राने जाणाऱ्यांची सिकलसेल तपासणी झाली आहे का ते पाहावे, धोक्याची ही लक्षणे त्यांना त्यांच्या भिली, पावरी, मावची बोलीत सांगावीत, आणि पाठ धरलेल्याला टोळीत हलके काम मजुरी न कापता मिळेल, हे मुकादमाकडून उचल देतानाच कबूल करून घ्यावे.